विश्लेषण : छोट्या उद्योगांत माणसे का टिकत नाहीत? पगाराच्या आकड्यापलीकडे नेमके काय बिघडते?

‘माणसे मिळत नाहीत’ ही लघुउद्योजकांची नेहमीची तक्रार. पण मिळालेली, शिकवून तयार केलेली माणसे वर्षभरात का निघून जातात, याचे उत्तर बरेचदा कारखान्याच्या किंवा दुकानाच्या आतच असते. कामाच्या ठिकाणचे वातावरण सुधारणे ही केवळ बड्या कंपन्यांची चैन आहे का? संशोधन काय सांगते, नव्या कामगार संहिता काय सांगतात आणि दहा-बारा माणसांच्या उद्योगाला काय जमू शकते, याविषयी…

भोसरी असो, सातपूर असो की कोल्हापूरची शिरोली. कुठल्याही औद्योगिक वसाहतीत फेरी मारली की दरवाजांवर ‘ऑपरेटर पाहिजे’, ‘हेल्पर पाहिजे’ असे फलक दिसतात. शहरातल्या कापड दुकानांत, खानावळींत, औषधांच्या दुकानांतही हीच स्थिती. दुसरीकडे काम शोधणारे तरुणही कमी नाहीत. मग गाठ कुठे अडते? मोठ्या कंपनीइतका पगार देता येत नाही, हे त्याचे एक खरे कारण. मात्र तेवढ्याच पगारात शेजारच्या गाळ्यातील माणसे दहा-दहा वर्षे टिकतात आणि इथे सहा महिनेही नाही, असे दिसते तेव्हा प्रश्न पगाराच्या आकड्यापुरता राहत नाही.

प्रश्न किती मोठा?

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७३व्या फेरीनुसार (२०१५-१६) देशात ६.३४ कोटी सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग होते आणि त्यांत ११.१० कोटी लोक काम करत होते. म्हणजे सरासरी एका उद्योगात दोन माणसेही नाहीत. यातील ९९ टक्क्यांहून अधिक उद्योग सूक्ष्म गटातील होते. महाराष्ट्रात अशा उद्योगांची संख्या ४७ लाखांहून अधिक होती. १ एप्रिल २०२५ पासून या गटांची व्याख्या बदलली. आता अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असेल तर उद्योग सूक्ष्म. २५ कोटींपर्यंत गुंतवणूक आणि शंभर कोटींपर्यंत उलाढाल असेल तर लघु.

या उद्योगांत मनुष्यबळ विभाग नसतो. माणूस ठेवणे, पगार वाटणे, रजा देणे, रागावणे आणि समजूत काढणे ही सगळी कामे मालकच करतो. किंवा त्याची पत्नी, भाऊ, जुना सुपरवायझर. त्यामुळे मोठ्या कंपनीत जे धोरण ठरवते, ते इथे मालकाचा स्वभाव ठरवतो. मालक सकाळी कुठल्या मनःस्थितीत आला, यावर दहा माणसांचा दिवस अवलंबून असतो. छोट्या उद्योगातील ‘कार्यसंस्कृती’ म्हणतात ती हीच.

माणूस गेला तर नेमका तोटा किती?

बहुतेक छोट्या उद्योगांत हा हिशेब मांडलाच जात नाही. उदाहरणादाखल मांडून पाहू. जॉबवर्क करणाऱ्या एका कारखान्यात महिना २० हजार रुपये पगाराचा सीएनसी ऑपरेटर काम सोडतो. यंत्राचा तासाचा दर ४०० रुपये धरू. दुसरा माणूस मिळेपर्यंत कामाचे १२ दिवस गेले आणि रोज आठ तास यंत्र बंद राहिले, तर ३८ हजार ४०० रुपयांचे काम बुडाले. नवा माणूस पहिले दोन महिने जुन्याच्या तीन चतुर्थांश वेगानेच काम करतो असे धरले, तर आणखी सुमारे ४० हजारांचे काम कमी होते. रिकाम्या १२ दिवसांचा वाचलेला पगार, म्हणजे साधारण साडेनऊ हजार रुपये, वजा केला तरी फटका ६८-६९ हजारांचा. म्हणजे जवळपास साडेतीन महिन्यांचा पगार. सुरुवातीच्या दिवसांत रिजेक्ट होणारे जॉब, चुकलेली डिलिव्हरी आणि त्यामुळे ग्राहकाचे ऐकून घ्यावे लागणारे बोल यात धरलेलेच नाहीत.

आकडे प्रत्येक धंद्यात वेगळे असतील. पण महिना दोन हजारांची पगारवाढ नाकारून मालकाने वर्षाचे २४ हजार वाचवले आणि त्यापायी ६९ हजार गमावले, असा व्यवहार अनेक ठिकाणी नकळत चालू असतो. दोन हजारांची वाढ मिळाली असती तर तो ऑपरेटर नक्की थांबला असता का, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर वातावरणात आहे.

‘आपण सगळे एकाच घरातले’ ही ताकद की अडचण?

छोट्या उद्योगाचे मोठे बळ म्हणजे जवळीक. मालकाला कामगाराच्या मुलीची दहावी ठाऊक असते. आईच्या ऑपरेशनला पैसे लागले तर अर्ज-मंजुरीच्या भानगडीशिवाय उचल मिळते. खंडेनवमीला यंत्रांची पूजा एकत्र होते, दिवाळीला पाकीट आणि मिठाईचा पुडा मिळतो. मोठ्या कंपनीत ओळखपत्राचा क्रमांक असलेल्या माणसाला इथे नाव असते. कुणी ‘दादा’ असतो, कुणी ‘मावशी’. हे बळ पैशाने विकत घेता येत नाही.

अडचण तिथूनच सुरू होते. घरातल्या माणसाला कामाचे तास विचारायचे नसतात, तसे इथेही ‘आज जरा थांब रे’ रोजचे होते. घरात पावती नसते, म्हणून पगाराचीही नसते. घरातला माणूस परका होत नाही, म्हणून नोकरी सोडायचे बोललेला कामगार अचानक ‘नमकहराम’ ठरतो आणि त्याचा शेवटचा पगार अडकतो. अडीअडचणीला दिलेली उचल फेडेपर्यंत सोडून जाता येत नाही, अशी बेडी तयार होते. जवळीक एका बाजूने असते; हक्काची भाषा मात्र कुणी बोलायची नाही, असा अलिखित नियम पडतो.

जवळीक आणि लेखी व्यवहार एकमेकांचे शत्रू आहेत, हा समज इथे मोडावा लागतो. कामाची वेळ, पगाराची तारीख, सुट्ट्या आणि ओव्हरटाइमचा दर एका कागदावर असेल, तर मालकाचा मोठेपणा कमी होत नाही. उलट त्याने अडचणीत केलेली मदत मग खरोखर मदत म्हणून लक्षात राहते. थकलेल्या पगाराची भरपाई म्हणून नाही.

पगाराच्या तारखेचा कामाच्या दर्जाशी काय संबंध?

ओडिशात पत्रावळी बनवणाऱ्या मजुरांवर अर्थशास्त्रज्ञ सुप्रीत कौर, सेंधिल मुल्लाईनाथन, सुआना ओह आणि फ्रँक शिलबाख यांनी एक प्रयोग केला. मजुरी नगावर होती आणि एकूण रक्कम सर्वांना सारख्याच हिशेबाने मिळणार होती. फरक एवढाच, की काहींना कमाईचा भाग काही दिवस आधी हातात दिला गेला. ज्यांच्या हातात पैसे आले, त्यांचे उत्पादन सुमारे सात टक्क्यांनी वाढले आणि कामातील चुका कमी झाल्या. अधिक गरीब मजुरांत हा परिणाम जास्त दिसला. कारण सोपे होते. दुकानदाराची उधारी आणि घरभाडे डोक्यात घोळत असताना हात कामावर असला तरी लक्ष कामावर नसते.

पगार ७ तारखेऐवजी १५ला करणारा मालक स्वतःचे खेळते भांडवल आठ दिवस वाचवतो. त्याची किंमत मात्र त्याच आठ दिवसांत रिजेक्शनच्या पेटीत जमा होत असते.

हा उशीर दरवेळी मालकाच्या मनातून येत नाही, हेही खरे. मोठ्या खरेदीदाराकडून बिलाचे पैसे थकतात आणि त्याचा भार पगारावर येतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, तर लेखी करार नसल्यास १५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावट खरेदीदाराला त्याच वर्षी मिळत नाही, अशी तरतूदही प्राप्तिकर कायद्यात आली. तरीही ग्राहक दुरावेल या भीतीने अनेक उद्योजक तगादा लावत नाहीत. अशा वेळी एक पथ्य उपयोगी पडते : एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची आणि कच्च्या मालासाठीही तिला हात लावायचा नाही. उशीर होणारच असेल, तर ती गोष्ट पगाराच्या दिवशी संध्याकाळी नव्हे, चार दिवस आधी सांगायची आणि नवी तारीख द्यायची.

सहकाऱ्यापेक्षा कमी पगार कधी डाचतो?

याचेही उत्तर ओडिशातील कामगारांवर झालेल्या आणखी एका प्रयोगात मिळते. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी यांनी २०१८मध्ये तो प्रसिद्ध केला. काही गटांत सर्वांना सारखी रोजची मजुरी दिली गेली, काही गटांत वेगवेगळी. मजुरीचा आकडा तोच असूनही, शेजारच्याला जास्त मिळते हे कळल्यावर उत्पादन घसरले आणि हजेरीही कमी झाली. एकमेकांना मदत करण्याची वृत्तीही आटली. पण जिथे जास्त मजुरी घेणारा खरोखर जास्त काम करतो हे इतरांना डोळ्यांनी दिसत होते, तिथे असा काहीही परिणाम झाला नाही.

छोट्या उद्योगासाठी यात मोठा धडा आहे. ‘कुणाला किती पगार आहे हे कुणाला सांगू नको’ ही ताकीद दहा माणसांच्या जागेत चहाच्या टपरीपर्यंतही टिकत नाही. पगार कळतोच, कळत नाही ते फरकाचे कारण. मालकाच्या मेहुण्याला किंवा गावाकडच्या माणसाला दोन हजार जास्त का, याचे उत्तर नसेल तर उरलेले नऊ जण ते स्वतःच तयार करतात. त्याऐवजी हेल्पर, ऑपरेटर, सेटर अशा पायऱ्या, प्रत्येक पायरीला काय येायला हवे आणि तिथे पगार किती, हे भिंतीवर लावले तर फरक राहतो, डाचणे कमी होते. तीन प्रकारचे जॉब स्वतः सेट करता आले की अमुक वाढ, अशी पायरी कुणालाही समजते.

पारदर्शक वाटणीचे मराठी वाचकाला परिचित उदाहरण म्हणजे लिज्जत पापड. १९५९मध्ये गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या श्री महिला गृह उद्योगात काम करणारी प्रत्येक महिला ‘बहीण’ म्हणून सहमालक असते आणि नफ्या-तोट्यात सहभागी असते. प्रत्येक छोट्या उद्योगाला सहकारी रचना शक्य नाही. पण वाटणीचा नियम सर्वांना ठाऊक असणे शक्य आहे.

चूक कबूल करणाऱ्याचे काय होते?

कार्यसंस्कृती ओळखण्याची ही सर्वात सोपी कसोटी आहे. दुपारी तीन वाजता ऑपरेटरच्या लक्षात येते, की टूल झिजल्यामुळे सकाळपासूनचे ४० जॉब मापात नाहीत. तो लगेच सांगतो की जॉब चांगल्या मालात मिसळून देतो? मागच्या वेळी खरे सांगणाऱ्याला सगळ्यांसमोर शिव्या बसल्या असतील आणि पगारातून पैसे कापले गेले असतील, तर तो गप्प बसेल. मग चूक ग्राहकाकडे पोहोचते आणि अख्खा लॉट परत येतो.

हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांना १९९०च्या दशकात रुग्णालयांतील चमूंचा अभ्यास करताना एक विचित्र गोष्ट आढळली. चांगल्या चालणाऱ्या चमूंत चुकांची नोंद कमी नव्हे, जास्त होती. तिथे चुका जास्त होत नव्हत्या. त्या लपवल्या जात नव्हत्या. यातूनच त्यांनी १९९९मध्ये ‘मानसिक सुरक्षितता’ ही कल्पना चमूच्या संदर्भात मांडली. चूक, शंका किंवा वाईट बातमी सांगितल्याबद्दल आपला पाणउतारा होणार नाही, हा चमूतील सगळ्यांचा विश्वास म्हणजे ही सुरक्षितता.

याचा अर्थ निष्काळजीपणाला मोकळे रान, असा नाही. चूक सांगितली तर आधी माल वेगळा काढायचा, मग कारण शोधायचे आणि शेवटी माणसाशी बोलायचे, तेही बाजूला नेऊन. चूक लपवली तर मात्र कडक कारवाई. हा क्रम सगळ्यांना माहीत असला आणि मालकाने रागाच्या भरातही तो पाळला, की दोन-तीन प्रसंगांत भीती कमी होऊ लागते.

दंड आणि कपातीबाबत कायद्याचीही मर्यादा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात लागू झालेल्या चार कामगार संहितांपैकी वेतन संहितेनुसार, एका वेतन कालावधीत दंडाची रक्कम वेतनाच्या तीन टक्क्यांहून अधिक असू शकत नाही आणि कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. गैरहजेरीची कपात गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणातच करता येते. ‘दहा मिनिटे उशीर, अर्धा दिवस कापला’ ही अनेक ठिकाणची रूढ पद्धत त्यात बसत नाही.

तारापूरच्या गिरण्यांतील प्रयोगाने काय दाखवले?

व्यवस्थापन सुधारल्याने खरेच फरक पडतो का, याचा एक गाजलेला प्रयोग मुंबईजवळ तारापूर आणि उंबरगाव भागातील कापड कारखान्यांत झाला. निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी १७ कंपन्यांच्या २८ कारखान्यांचा अभ्यास केला. कंपन्या कुटुंबांच्या मालकीच्या होत्या. आकाराने दहा माणसांच्या गाळ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, पण कारभार तसाच मालकाच्या मुठीत. निवडक कारखान्यांना पाच महिने मोफत सल्ला दिला गेला. त्यात अद्भुत असे काही नव्हते : यंत्रे बंद पडल्याची नोंद, दोषांची नोंद, सुताचा साठा मांडून ठेवणे, रोजच्या बैठका, कामगिरीशी जोडलेला मोबदला. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

आणखी एक निष्कर्ष वातावरणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. नोंदी हातात आल्यावर मालकांनी व्यवस्थापकांवर अधिक निर्णय सोपवले. आधी विश्वास नव्हता, कारण माहिती नव्हती. माणसांवर सतत डोळा ठेवणारा मालक दरवेळी संशयी स्वभावाचाच असतो असे नाही. काय चालले आहे हे कळण्याचा दुसरा मार्ग त्याच्याकडे नसतो. फळ्यावर रोजचे उत्पादन आणि रिजेक्शन लिहिले जाऊ लागले, की ‘काय चाललंय?’ असे दर तासाला ओरडण्याची गरज उरत नाही.

याच कारखान्यांत संशोधक काही वर्षांनी पुन्हा गेले तेव्हा मात्र रुजवलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटलेल्या आढळल्या. पद्धती सांभाळणारे व्यवस्थापक सोडून गेले होते किंवा मालकांना वेळ उरला नव्हता. चांगली सवय एका माणसाच्या भरवशावर ठेवली, की त्याच्याबरोबर तीही जाते.

तक्रार कुणाकडे करायची?

मोठ्या कंपनीत वरिष्ठाची तक्रार त्याच्या वरिष्ठाकडे होते. छोट्या उद्योगात वरिष्ठ, न्यायाधीश आणि पगार देणारा एकच असतो. म्हणून तक्रार बोलली जात नाही. ती थेट राजीनाम्यातून, किंवा न सांगता कामावर न येण्यातून कळते. भारतातील एका तयार कपड्यांच्या कंपनीत अच्युत अध्वर्यू, तेरेसा मोलिना आणि अनंत न्यषधम यांनी केलेल्या अभ्यासात, अपेक्षेपेक्षा कमी पगारवाढ मिळालेल्या कामगारांपैकी काहींना निनावी प्रश्नावलीतून कामाची परिस्थिती आणि सुपरवायझर यांविषयी बोलायची संधी दिली गेली. त्यांच्यात काम सोडण्याचे आणि गैरहजेरीचे प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिले. पगार तोच होता. कुणीतरी विचारले, एवढाच फरक.

कायद्याने काही व्यवस्था बंधनकारक आहेत. औद्योगिक संबंध संहितेनुसार २० किंवा अधिक कामगारांच्या औद्योगिक आस्थापनेत मालक आणि कामगार यांचे समान प्रतिनिधी असलेली तक्रार निवारण समिती हवी. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती लागते. तिची अध्यक्ष महिला, किमान निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरची व्यक्ती असावी लागते. समिती न नेमल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

दहापेक्षा कमी माणसे असतील तर? तेव्हाही महिला वाऱ्यावर नसते. जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे ती तक्रार करू शकते. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तरी हाच मार्ग आहे. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करायची असते. सबळ कारण असल्यास मुदत आणखी तीन महिने वाढू शकते. दुकानात किंवा कारखान्यात स्थानिक समितीचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक दिसेल असा लावणे, हे एका कागदाचे काम आहे. ते केल्याने तक्रारी वाढतील ही भीती असते. प्रत्यक्षात त्या कागदातून महिला कर्मचाऱ्यांना आणि पुरुषांनाही, इथे काय चालणार नाही, हे पहिल्याच दिवशी कळते.

कायद्याने आणखी काय द्यावेच लागते?

वातावरण सुधारण्याची भाषा करण्याआधी पाया तपासणे आवश्यक असते. वेतन संहितेनुसार मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत, तर आठवड्याचा पगार असेल तर साप्ताहिक सुट्टीपूर्वी द्यावा लागतो. पगारपत्रक देणे बंधनकारक आहे. ओव्हरटाइमचा दर नेहमीच्या वेतनाच्या किमान दुप्पट. कामगाराने राजीनामा दिला किंवा त्याला काढले, तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब पूर्ण करायचा. दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत नियुक्तिपत्राची तरतूद आहे.

सामाजिक सुरक्षेत माणसांची संख्या महत्त्वाची ठरते. कर्मचारी राज्य विमा साधारणपणे दहा, तर भविष्य निर्वाह निधी २० कर्मचाऱ्यांपासून लागू होतो. त्यामुळे हजेरीपटावर नऊ किंवा १९च नावे ठेवून उरलेल्यांना रोखीने पगार देण्याची पळवाट काही ठिकाणी दिसते. त्यातून थोडे पैसे वाचतात. पण ज्याचे नावच हजेरीपटावर नाही, त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा कशाच्या बळावर करायची? पीएफ कापला जातो म्हणून दोन हजार कमी पगाराची नोकरी स्वीकारणारी माणसे प्रत्येक वसाहतीत भेटतात. घरी सांगताना ‘पक्की नोकरी’ म्हणता येते, याचे मोल मोठे असते.

सुरुवात कुठून करता येईल?

एकदम दहा गोष्टी सुरू केल्या तर दोन महिन्यांत सगळ्या बंद पडतात. कमी खर्चाच्या, पण न चुकता पाळता येतील अशा काही गोष्टी पुढीलप्रमाणे :

- पगाराची तारीख ठरवणे आणि सलग सहा महिने ती न चुकवणे. रक्कम खात्यात, सोबत साधे पगारपत्रक.

- नियुक्तीच्या दिवशी एक पानी मराठी कागद : काम, वेळ, साप्ताहिक सुट्टी, ओव्हरटाइमचा दर, रजा, सोडताना किती दिवस आधी सांगायचे. परप्रांतीय कामगारांसाठी तोच हिंदीत.

- पहिला आठवडा नव्या माणसाला एका जुन्या माणसासोबत ठेवणे आणि शिकवणाऱ्याला त्याचा छोटा भत्ता देणे. ‘बघून शिक’ म्हणून सोडलेला माणूस पहिल्याच महिन्यात जाण्याची शक्यता मोठी असते.

- सकाळी उभ्याने दहा मिनिटांची बैठक : कालचे उत्पादन, कालची अडचण, आजचे काम. बैठकीत कुणाचाही पाणउतारा नाही.

- महिन्यातून एकदा प्रत्येकाशी पाच मिनिटे एकट्याने बोलणे आणि एकच प्रश्न विचारणे : कामात कशाचा त्रास होतो? सांगितलेल्यांपैकी एक तरी गोष्ट महिन्याभरात सोडवणे. जी जमणार नाही तिचे कारण सांगणे. विचारून विसरणे हे न विचारण्यापेक्षा वाईट.

- स्वच्छ स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, डबा खायला जागा. महिलांसाठी वेगळी आणि आतून कडी लागणारी सोय. यावर होणाऱ्या खर्चाइतका ठळक संदेश दुसरा कुठलाच नाही.

- सोडून जाणाऱ्याचा हिशेब वेळेत आणि हसतमुखाने. तो बाहेर जे सांगेल, त्यावर पुढचा माणूस येईल की नाही हे ठरते.

सुपरवायझरचे काय?

मालक सुधारला तरी अनेक ठिकाणी गाडी सुपरवायझरपाशी अडते. उत्तम कारागीर म्हणून वर चढवलेल्या या माणसाला यंत्र कसे चालवायचे हे शिकवलेले असते, माणसे कशी सांभाळायची हे नाही. स्वतः शिव्या खाऊन शिकल्यामुळे तो तसेच शिकवतो. शिवाय तो मालकाचा जुना विश्वासू असतो, म्हणून त्याच्याविषयी कुणी बोलत नाही. त्याच्या हाताखालून वर्षात किती माणसे गेली, एवढी एक नोंद ठेवली तरी चित्र स्पष्ट होते. त्याला काढून टाकणे हा उपाय नसतो. उत्पादनाबरोबर माणसे टिकवणे हेही आपल्या कामात मोजले जाते, हे त्याला कळणे आणि त्यावर त्याची वाढ ठरणे आवश्यक असते. मालकाने त्याच्याशी बोलण्याची पद्धत बदलली, की तो खालच्यांशी बोलतो ती पद्धतही बदलू लागते.

या सगळ्याच्या मर्यादा कोणत्या?

चांगले वातावरण कमी पगाराला पर्याय नाही. ‘आपल्याकडे वातावरण छान आहे’ असे सांगून किमान वेतनही टाळले जात असेल, तर ती फसवणूकच. चांगला तयार झालेला माणूस कधी तरी मोठ्या कंपनीत जाणार, हेही मान्य करावे लागते. २३ वर्षांच्या टर्नरने आयुष्यभर एकाच गाळ्यात राहावे, ही अपेक्षा रास्त नाही. तो सहा महिन्यांऐवजी तीन वर्षे राहिला, जाताना महिनाभर आधी सांगितले, आपल्या जागी गावाकडचा एक मुलगा आणून दिला आणि त्याला शिकवून मग गेला, तर छोट्या उद्योगासाठी हे मोठे यश आहे.

दुसरी मर्यादा बाजाराची. ऑर्डर थांबल्या, ग्राहकाने दर पाडले, वीजदर वाढले, तर सर्वात भला मालकही अडचणीत येतो. माणसे त्याही काळात थांबतात का, हे आधीच्या चांगल्या दिवसांत ठरलेले असते. पाच वर्षे सात तारखेला पगार करणाऱ्या मालकाने एकदा ‘या महिन्यात १५ तारीख होईल’ असे सांगितले, तर त्याच्यावर विश्वास ठेवला जातो. ज्याची तारीख दर महिन्याला बदलते, त्याचे खरे कारणही कुणी ऐकून घेत नाही.